विवाह, घटस्फोट आणि सातबाऱ्यावरचे नाव

लग्नानंतर पतीच्या निम्म्या मालमत्तेवर पत्नीचा हक्क आपोआप निर्माण होतो आणि घटस्फोट झाला की न्यायालय तो निम्मा वाटा तोडून देते, हा समज सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जितका सुशिक्षितांत आढळतो तितकाच शेतकरी कुटुंबांतही आढळतो. भारतातील बहुसंख्य जनतेला लागू असलेल्या कायद्यात अशी तरतूद नाही. विवाहामुळे पतिपत्नींना एकमेकांचा सहवास, निर्वाह, निवारा आणि मृत्यूनंतरचा वारसा मिळतो; मात्र विवाह टिकून असताना किंवा तो मोडताना मालमत्ता ज्याच्या नावावर असेल त्याचीच राहते, हा सर्वसाधारण नियम आहे. विवाह सिद्ध कसा होतो, तो कायदेशीरपणे संपतो कसा आणि संपल्यावर हातात काय उरते, हे तिन्ही प्रश्न म्हणूनच एकत्र पाहावे लागतात.

कोणता कायदा लागू होतो, हे पक्षकारांच्या धर्मावर आणि विवाहाच्या पद्धतीवर ठरते. १८ मे १९५५ पासून अमलात आलेला हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, आणि त्यात लिंगायतांचा उल्लेख नावानिशी आहे; सांगली परिसरातील जैन व लिंगायत कुटुंबांचे वाद त्यामुळे याच कायद्याखाली चालतात. मुस्लिम विवाह व्यक्तिगत कायद्यानुसार होतो, त्यात पतीने पत्नीला द्यावयाची मेहेर ही रक्कम कराराचा भाग असते आणि पतिपत्नींची मालमत्ता परस्परांपासून वेगळीच राहते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने अवैध व दंडनीय ठरला आहे. ख्रिस्ती घटस्फोटासाठी १८६९ चा कायदा आहे आणि २००१ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. धर्म न बदलता, धार्मिक विधींशिवाय विवाह करू इच्छिणाऱ्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा असून त्यात तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. पुढील विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याला धरून आहे.

या कायद्याचे सातवे कलम विवाहाचा विधी ठरवते. दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाले तर विवाह संपन्न होतो आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. पुरोहित असलाच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही. सातारा-सांगलीच्या सामाजिक इतिहासात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची विवाहपद्धती या भागात खोलवर रुजली, आणि पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने, म्हणजे ज्याला लोक पत्री सरकार म्हणत त्या चळवळीने, हुंडा आणि वारेमाप खर्च टाळून होणाऱ्या ‘गांधी विवाहां’चा गावोगाव प्रसार केला. सावकारी कर्जाचे एक मोठे कारण लग्नखर्च हेच होते, त्यामुळे ही सुधारणा आर्थिकही होती. अशा पद्धतीने विवाह करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी: रूढीचा आधार घ्यायचा तर ती दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळली जात होती, हे वाद उद्भवल्यास पुराव्याने दाखवावे लागते.

रूढीचा आणखी एक प्रश्न दक्षिण महाराष्ट्रात नेहमी उपस्थित होतो. भाऊ आणि बहीण यांची मुले, म्हणजे आते-मामे भावंडे, कायद्याच्या दृष्टीने निषिद्ध नात्यात येतात. तरीही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. पक्षकारांच्या समाजातील रूढी अशा विवाहाला मान्यता देत असेल तर तो वैध ठरतो, कारण पाचव्या कलमातच तसा अपवाद ठेवलेला आहे. वयाला मात्र रूढीचा अपवाद नाही: वर २१ आणि वधू १८ वर्षे पूर्ण केलेली हवी. बालविवाह आपोआप रद्द होत नाही, पण ज्याचा विवाह अल्पवयात झाला त्याला किंवा तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो रद्द करून घेता येतो.

विवाहाची नोंदणी म्हणजे विवाह नव्हे, पण नोंदणीशिवाय विवाह सिद्ध करणे फार कष्टाचे होते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी आवश्यक केली असून गावात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो; तीन साक्षीदारांच्या सह्यांसह ज्ञापन विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत द्यावयाचे असते. विधी न करता केवळ दाखला मिळवला तर हिंदू विवाह अस्तित्वात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. उलट, मांडवात शेकडो माणसे जेवून गेली तरी दाखला, छायाचित्रे किंवा लग्नपत्रिका यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर दहा वर्षांनी पोटगीच्या अर्जात पत्नीला ‘मी पत्नीच आहे’ येथपासून सुरुवात करावी लागते.

हे सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या लग्नाच्या प्रकरणात सर्वांत जड होते. हिंदू पुरुषाच्या बहुपत्नीत्वावर मुंबई प्रांताने १९४६ मध्येच, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या नऊ वर्षे आधी, बंदी घातली होती. प्रांताचा हा कायदा केवळ हिंदूंनाच लागू असल्याने तो समतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असा आक्षेप ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या गाजलेल्या खटल्यात घेण्यात आला, आणि १९५१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला व न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने तो फेटाळून कायदा वैध ठरवला. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले आणि तेथेच शालेय शिक्षण घेतलेले होते. बंदी आली तरी पळवाट उरली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की दुसरे लग्न आवश्यक विधींसह झाल्याचे सिद्ध झाले नाही तर द्विभार्या विवाहाचा गुन्हा होत नाही. याचा विपरीत परिणाम असा की देवळात हार घालून गुपचूप केलेल्या लग्नाने पहिलीला न्याय मिळत नाही आणि दुसरीला पत्नीचा दर्जाही मिळत नाही. फसवून दुसरे लग्न केलेल्या पुरुषाला त्या स्त्रीच्या पोटगीची जबाबदारी टाळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, मान्य केले. अशा संबंधातील मुले मात्र कायद्याने औरसच मानली जातात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो.

घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांना या भागाचा इतिहास ठाऊक नसतो. ब्राह्मणेतर अनेक जातींत काडीमोड आणि सोडचिठ्ठी रूढ होती, विधवेला वा सोडलेल्या स्त्रीला पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावता येत असे, आणि शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच काडीमोडाला कायद्याची चौकट दिली होती. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा. हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीनुसार होणारा घटस्फोट आजही अबाधित ठेवला आहे; पण ती रूढी त्या समाजात प्रत्यक्ष अस्तित्वात आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि तेथेच बहुतेक प्रकरणे कोसळतात. चार पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर फारकतीचा मजकूर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की विवाह संपला, असे समजून दुसरे लग्न करणारी माणसे गुन्ह्याला आणि आयुष्यभराच्या वादाला निमंत्रण देतात. जातपंचायतीला विवाह मोडण्याचा अधिकार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्येच सांगितले होते. नोटरीचा शिक्का असला तरी अशा कागदाने पत्नीची पत्नी म्हणून असलेली स्थिती बदलत नाही. किंबहुना तो कागद पुढे करून तिची पोटगी नाकारली गेली तर तिने तो मुळीच मान्य करू नये.

न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची मुख्य कारणे १३ व्या कलमात आहेत: व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, असाध्य मनोविकार इत्यादी. विवाहाला एक वर्ष होण्यापूर्वी सहसा अर्ज करता येत नाही. क्रूरता म्हणजे केवळ मारहाण नव्हे, आणि ती फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावी लागत नाही, अधिक संभाव्य काय एवढे पाहिले जाते, हे तत्त्व पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मांडले. त्या निकालाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते: पत्नीची क्रूरता सिद्ध होऊनही पती हरला, कारण त्यानंतर दोघे एकत्र नांदल्याने त्याने ती क्षमा केली, असे मानले गेले. परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी संमती पुन्हा द्यावी लागते. समेटाची शक्यताच उरली नसेल तर ही मुदत माफ करता येते, असा २०१७ चा निर्णय आहे. ‘संसार पूर्णपणे मोडला’ हे स्वतंत्र कारण कायद्यात नाही. त्या आधारावर विवाह संपवण्याचा विशेष अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे.

अर्ज कोठे करायचा, हा प्रश्न या भागातील स्त्रियांसाठी निर्णायक आहे. खानापूर-आटपाडीकडील गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातील कुटुंबे देशभरातील सराफ बाजारांत पसरलेली आहेत, आणि साताऱ्यातील कितीतरी घरांतील कर्ता पुरुष मुंबईत माथाडी कामगार म्हणून राहिलेला आहे. विवाह परराज्यात मोडला आणि पत्नी माहेरी परत आली तर पूर्वी तिला अनेकदा पतीच्या गावी खेटे घालावे लागत. २००३ च्या दुरुस्तीने, पत्नी अर्जदार असेल तर ती जेथे राहते तेथील न्यायालयातही घटस्फोटाचा अर्ज चालतो. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे ते, आणि नाही तेथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय हे अर्ज ऐकते. उच्च न्यायालयात जाणाऱ्या प्रकरणांसाठी या दोन्ही जिल्ह्यांतील पक्षकारांना मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पीठाकडे आता सातारा आणि सांगली जोडलेले आहेत.

कायद्याच्या पुस्तकात जागा नसलेली, पण या प्रदेशात फार मोठ्या संख्येने असलेली स्त्री म्हणजे परित्यक्ता. पती तिला नांदवत नाही आणि घटस्फोटही देत नाही. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला. प्रतिसरकारच्या लढ्यात तरुणपणी उतरलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि अभ्यासक गेल ऑम्व्हेट या त्या चळवळीत अग्रभागी होत्या. परित्यक्तांना स्वतंत्र शिधापत्रिका, निवाऱ्याची जागा आणि पोटगी मिळावी, या त्यांच्या मागण्यांत भावनिक सांत्वनापेक्षा कागदावरील अस्तित्वाचा आग्रह होता, आणि तो अगदी योग्य होता. अशा स्त्रीला पोटगीसाठी घटस्फोट मागण्याची गरज नाही. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आले आहे. त्याखाली कोणत्याही धर्माच्या पत्नीला ती राहते त्या ठिकाणी अर्ज करता येतो, आणि पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही त्यात येते. न्यायालयात जिला खावटी म्हणतात ती हीच रक्कम. ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये बंधनकारक केले. उसाचे बिल, दूध संघाचा हिशेब, कारखान्याचे भाग, शेतजमीन हे सगळे त्या प्रतिज्ञापत्रात यायला हवे. घटस्फोटाच्या निकालासोबत मिळणारी कायमची पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली असते, आणि ती बुडू नये म्हणून न्यायालय पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकते. या तरतुदीचा वापर वकील मंडळी पुरेसा करत नाहीत.

घरात राहण्याचा हक्क वेगळा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पत्नीला सामायिक घरातून बाहेर काढता येत नाही, आणि ते घर सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असले तरी तिचा निवासाचा दावा ऐकला जातो, असे २०२० मध्ये ठरले. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

मालकीच्या अंगाने घटस्फोटाच्या वेळी पत्नीचे म्हणून जे निर्विवाद असते ते स्त्रीधन: माहेराहून आणि सासरहून तिला मिळालेले दागिने, वस्तू, रोख रक्कम. ते पतीच्या ताब्यात असले तरी तो केवळ विश्वस्त असतो आणि परत न केल्यास तो फौजदारी अपहार ठरतो, हे १९८५ पासून स्थिर झालेले आहे. हुंडाबंदी कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार भेटवस्तूंची सहीनिशी यादी ठेवायची असते. मानपान आणि रुखवताचा एवढा थाट करणारी कुटुंबे ही यादी जवळजवळ कधीच करत नाहीत आणि मग सराफाची पावती शोधत बसतात. दोघांना मिळून मिळालेल्या, विवाहाशी निगडित वस्तूंचे वाटप हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमाखाली होते. दोघांच्या नावे घेतलेल्या फ्लॅटमध्ये कोणी किती पैसे भरले, हे पाहिले जाते. त्यापलीकडे, वीस वर्षे शेतात राबलेल्या, गोठा सांभाळलेल्या आणि पतीच्या नावावरील जमिनीचे उत्पन्न दुप्पट केलेल्या पत्नीला त्या जमिनीत, घटस्फोटाच्या क्षणी, कायदा एक गुंठाही देत नाही.

हीच स्त्री विधवा झाली तर चित्र पालटते, आणि ते कसे पालटते हे भारतीय वारसा कायद्यातील सर्वाधिक उद्‌धृत निकालांपैकी एका निकालात दिसते, ज्याचा उगम सांगलीच्या दिवाणी न्यायालयात आहे. खंडप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. ६ नोव्हेंबर १९६२ रोजी हिराबाईंनी दोन घरे, जमीन, दुकाने आणि जंगम मालमत्ता यांत ७/२४ हिस्सा मागणारा दावा लावला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत त्या काळी मुलगे जन्माने वाटेकरी, म्हणजे सहदायाद, असत, मुली नसत. पत्नीला स्वतःहून वाटप मागता येत नसे, आणि आजही येत नाही. पण पती आणि मुलगे यांच्यात वाटप झालेच तर मुंबई प्रांतात रूढ असलेल्या हिंदू कायद्यानुसार तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सांगितले होते की कर्ता वारल्यास मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटप झाले असे गृहीत धरून त्याचा हिस्सा ठरवावा. त्या काल्पनिक वाटपात चार हिस्से पडतात: खंडप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे, प्रत्येकी १/४. खंडप्पांचा १/४ मग सहा वारसांत विभागला की प्रत्येकाला १/२४. प्रश्न असा होता की हिराबाईंना केवळ हा १/२४ मिळणार, की काल्पनिक वाटपातील स्वतःचा १/४ ही? खालच्या न्यायालयाने १/२४ दिला, उच्च न्यायालयाने ७/२४ दिला, आणि एप्रिल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्राने, ‘गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई’ या प्रकरणात तो कायम केला. वाटप झाले असे एकदा मानायचे ठरले की त्याचे सर्व परिणाम मानले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. दाव्यापासून निकालापर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना सहदायाद केले, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना, आणि त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. अगदी तशाच कुटुंबात आज कर्ता वारला तर काल्पनिक वाटपात सात हिस्से पडतील. प्रत्येकाला १/७, आणि वडिलांच्या १/७ चा सहावा भाग म्हणजे १/४२. मिळून प्रत्येक वारसाला १/६. मुलीचा वाटा १/२४ वरून १/६ वर गेला, जो न्याय फार उशिरा झाला. पण त्याच हिशेबात विधवेचा वाटा ७/२४ वरून १/६ वर आला, कारण पत्नीला स्वतःचा असा हिस्सा देण्याचा विचार कायदेमंडळाने केलाच नाही. मुलीचा हाही हक्क गावाकडे बहुधा हक्कसोडपत्रावर संपतो. वडिलांच्या दिवसांनंतर भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात, माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि पुढे तिलाच सासरहून परत यावे लागले तर सासरी नाव नसते आणि माहेरचे तिनेच सोडलेले असते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय सहसा रद्द होत नाही, म्हणून ते करण्यापूर्वीच विचार व्हायला हवा.

वेगळी व्यवस्था शक्य आहे, याचा पुरावा शेजारीच आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमांनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो आणि स्थावर मालमत्ता विकताना दोघांचीही संमती लागते. मिळकत कोणी आणली, हा प्रश्नच तेथे गौण ठरतो. उर्वरित देशात पत्नीला घटस्फोटाच्या वेळी पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायदा दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केले, पण पंधराव्या लोकसभेची मुदत संपताच ते बाद झाले.

असा कायदा होईपर्यंत हाताशी असलेले मार्ग ऐच्छिक आहेत. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस लक्ष्मीमुक्तीची मोहीम उभारून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, आणि त्यानंतर राज्य शासनाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. फेरफार नोंदवून तलाठी कार्यालयातून हे काम होते. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर पतिपत्नी दोघांच्या नावे लावण्याचा ‘घर दोघांचे’ हा शासन निर्णय २००३ चा. यातील फरक मात्र ओळखावा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, त्यावरचे नाव घर विकताना अडसर म्हणून उपयोगी पडते आणि वास्तव्याचा पुरावा ठरते, परंतु केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. मालकी हवी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा खरेदीच्या वेळीच दस्तावर दोघांची नावे, हाच खात्रीचा रस्ता आहे, आणि असा दस्त पत्नीच्या नावे झाला की वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने ती त्या मालमत्तेची मर्यादित नव्हे तर पूर्ण मालक होते.